गोळी बदलायची की फक्त कंपनी?

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ६१, पेन्शन २८ हजार, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. डॉक्टरांनी मधुमेहासाठी एम्पाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दिली आहे, तिचे रोजचे ६२ रुपये होतात. शेजारचे गृहस्थ ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनवर ८ रुपयांत भागवतात. आपणही तीच सुरू करावी आणि वाचलेल्या पैशांची नातीच्या नावाने एसआयपी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

वर्षाला १९,७१० रुपये वाचतात, हा हिशेब बरोबर आहे. तुलना मात्र भलत्याच दोन गोळ्यांची झालीय. एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध स्वस्तात आणलं. तुमच्या केमिस्टनेही तेच घटक, तेवढेच मिलिग्रॅम, दुसऱ्या कंपनीचे २० रुपये रोजाने सांगितले. हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय! ६२ वरून २० वर आलात की १५,३३० तिथेच वाचले. शेजाऱ्यांच्या गोळीने त्यावर आणखी सुटतील ते दिवसाला १२ रुपये.

त्या १२ रुपयांसाठी काय सोडताय ते बघा. हृदयविकार असलेल्या मधुमेहींवरच्या मोठ्या अभ्यासात (२०१५) एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी आढळले. ग्लिमेपिराइडने साखर उतरते, पण हृदयाला असा फायदा दिसलेला नाही, आणि जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जायची भीती. तुम्ही घरी एकटे असता. शेजाऱ्यांना ती गोळी योग्य असेलही, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली नाही.

माझे वडील महिनाअखेरीस विळीवर गोळी अर्धी करायचे. उरलेली अर्धी कागदाच्या पुडीत, देवघराच्या खणात. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून काटकसर कंपनीत करा, औषधात नको.

आरोग्य विम्याचा हप्ता याच ओढाताणीत थांबवायचा विचार दिसतो, तो तर मुळीच नको. रोजच्या गोळ्यांचे पैसे पॉलिसी देत नसली तरी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर तीच कामाला येणार. या वयात, या आजारांसह नवी मिळणं कठीण.

पुढच्या तपासणीला दोन्ही कंपन्यांच्या पट्ट्या सोबत न्या, डॉक्टरांना मागचे घटक आणि मिलिग्रॅम दाखवा. त्यांनी होकार दिला की बदला. वाचलेल्यातून आधी दर तीन महिन्यांची एचबीएवनसी (सरासरी साखरेची तपासणी) आणि वर्षाची किडनीची तपासणी बाजूला काढा. उरलेल्यातून नातीसाठी महिना ५०० ची एसआयपी आरामात होईल.