बाल्कनी डावी की उजवी? क्रूझच्या स्वीटबद्दल वाचकांच्या शंका

मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचं बुकिंग करायचं आहे. एजंटाने दोन बाल्कनीवाले स्वीट सुचवले आहेत, दर एकच. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. किनारा आणि सूर्यास्त दोन्ही दिसायला हवेत. कुठला घेऊ?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

आधी डावं-उजवं कसं धरायचं ते बघा. तोंड जहाजाच्या पुढच्या टोकाकडे करून उभं राहायचं. मग डावा हात ती डावी बाजू, जहाज कुठेही वळो. मुंबईहून गोव्याला जाताना तोंड दक्षिणेला असतं, म्हणून किनारा डावीकडे आणि मावळता सूर्य उजवीकडे. परतताना सगळं उलट.

एवढ्यावरून डावी बाजू घ्यावीशी वाटेल, पण थांबा. मुंबईचा धक्का शहराच्या पूर्व अंगाला आहे. तिथून निघून बंदराबाहेर पडेपर्यंत गेटवे, ताज आणि कुलाबा हे सारं उजव्या हाताला दिसतं. जहाजं बहुधा संध्याकाळी सुटतात. पुढे कोकणचा किनारा डावीकडे असतो खरा, पण अंधारात आणि बराच लांब; दिसलेच तर दिवे. म्हणजे जाताना शहर आणि सूर्यास्त दोन्ही उजवीकडे, आणि परतताना पहाटे उजाडतं तेही उजवीकडेच. तुमच्यासाठी उजवी बाजू. फक्त मुरगाव बंदरात शिरताना आग्वादचा किल्ला डावीकडे येतो. तेवढ्यासाठी उघड्या डेकवर जा, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत.

केबिन नंबरावरूनही बाजू कळते. पुष्कळ जहाजांवर सम नंबर एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. मात्र कुठले कुठे हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे त्या जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडूनच ठरवा. ‘नंबर नंतर मिळेल’ अशी स्वस्त ऑफर असेल तर बाजू निवडायचा हक्क गेलाच म्हणून समजा.

ज्युनियर स्वीट म्हणजे दोन खोल्या का? आम्ही दोघं आणि दोन मुलं.
— एक वाचक, निपाणी

नाही. ज्युनियर किंवा मिनी स्वीट ही एकच लांबट खोली असते. बसायची जागा आणि पलंग यांच्यामध्ये फार तर पडदा असतो. दार असलेली वेगळी बेडरूम त्यावरच्या दर्जात मिळते. मोठ्या जहाजांवर साधी बाल्कनी केबिन साधारण 180 चौरस फूट आणि ज्युनियर स्वीट 270 ते 300 चौरस फूट असतो. छापलेल्या आकड्यात बाल्कनी धरली आहे का, हे विचाराच. 300 मधले 60 बाहेर गेले तर आत 240 उरतात.

चौघांसाठी खरी अडचण रात्री कळते. सोफा उघडून पलंग केला की कित्येक केबिनमध्ये बाल्कनीची वाट बंद होते. बहुतेक ठिकाणी बाथरूम आणि कपाट दाराशी, आणि काचेचं सरकतं दार समोरच्या टोकाला असतं. मधल्या भागात कुठे पलंग बाल्कनीजवळ असतो तर कुठे सोफा, आणि एकाच दर्जाच्या शेजारशेजारच्या केबिनमध्येही हे उलटसुलट असतं. मुलं लवकर झोपणार असतील तर पलंग दाराकडे आणि सोफा काचेकडे असलेली केबिन नको. मुलं झोपली की तुम्ही बाल्कनीत जाऊ शकणार नाही.

त्याच पैशात मध्ये दार असलेल्या दोन साध्या केबिन मिळाल्या तर आमचं मत त्यांना. बाथरूम दोन मिळतात, आणि सकाळी चौघांना तेच लागतं. एकटी केबिन घेणाऱ्यांनी मात्र असं मधलं दार टाळावं, पलीकडचं बोलणं त्यातून ऐकू येतं.

आईचं वय 74. चोर्ला घाटातसुद्धा तिला मळमळतं. एजंट म्हणतो, सगळ्यात वरचा, समोरचा स्वीट घ्या, व्ह्यू भारी आहे.
— एक वाचक, खानापूर

व्ह्यू भारी आहे, पण आईसाठी ती सगळ्यात वाईट जागा. लाटेवर जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे झुलतं. टोकं सर्वांत जास्त, मधला भाग कमी. आणि कडेकडेचं हेलकावणं जितकं वर जावं तितकं वाढतं. म्हणून खालचा डेक, जहाजाचा मध्य. बाल्कनी हवीच असेल तर बाल्कनीच्या डेकांपैकी सर्वांत खालचा घ्या, पण त्याच्या बाहेर लाइफबोटी टांगलेल्या नाहीत ना, हे डेक प्लॅनवर तपासा. नाहीतर समुद्राऐवजी बोटीचं छप्पर दिसेल.

समोरच्या स्वीटना आणखी त्रास आहेत. जहाज पळत असताना बाल्कनीत वारा इतका असतो की कधी दार बंद ठेवायला सांगतात. काही जहाजांवर कठड्याला काचेऐवजी लोखंडी पत्रा असतो, म्हणजे खुर्चीत बसलं की समोर पत्राच. रात्री पडदे ओढावे लागतात, कारण आतल्या उजेडाने जहाज चालवणाऱ्यांना पुढचा अंधार नीट दिसत नाही.

वर-खाली काय आहे तेही बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. वर केबिन आणि खाली केबिन, हे उत्तम. बाथरूमला उंच उंबरठा आहे का, टब आहे की शॉवर, हे आईसाठी आधी विचारा. औषध डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी.

मागच्या टोकाचे स्वीट कसे?
— एक वाचक, संकेश्वर

बाल्कन्या खोल, समोर पाण्यावर उमटत जाणारा पांढरा पट्टा, वारा कमी. कोपऱ्यातल्या स्वीटला बाल्कनी दोन बाजूंनी वळते, ती तर फारच छान. पण बाल्कन्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक असतील तर वरचे लोक थेट तुमच्या चहाच्या कपात डोकावतात. जहाजाला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांची थरथर जाणवते, धुराड्याची काजळी कधीकधी खुर्चीवर बसते.

केबिनमध्ये रोजची उदबत्ती, चहासाठी किटली चालेल का?
— एक वाचक, शहापूर

नाही. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती, घरची किटली, इस्त्री, पाण्याची कॉइल हे सगळं आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर बंद असतं आणि सामान तपासताना काढून घेतात. देवाचा छोटा फोटो मात्र भिंतीवर लावता येतो. बहुतेक केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे फ्रिजवर लावतात तसली चुंबकाची हुकं चार-सहा न्या. ओले टॉवेल आणि टोप्याही त्यांवर टांगता येतात. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नका, वाऱ्याने उडतात आणि स्टाफही काढायला लावतो.