ॲपचं नाव नको, पाठ सांगा

प्रश्न : मॅडम, मी माध्यमिक वर्गांना इतिहास-भूगोल शिकवतो. तंत्रज्ञान वापरायची हौस आहे, म्हणून शिक्षकांचे ढीगभर ऑनलाइन ग्रुप जॉइन केले. तिथे लिंकांचा पाऊस पडतो, पण उद्याच्या तासाला उपयोगी पडेल असं क्वचितच काही मिळतं. नव्या कल्पना शोधायच्या कुठे? आणि ऐतिहासिक व्यक्ती म्हणून बोलणारे चॅटबॉट वर्गात आणावेत का?

उत्तर : निम्मे ग्रुप आजच सोडा. ‘इतिहासासाठी दहा भन्नाट ॲप’ छापाच्या पोस्ट जिथे फिरत राहतात, तिथे वर्गात प्रत्यक्ष काय घडलं हे सहसा कुणी सांगत नाही. पोस्ट वाचताना मुलांनी केलेलं काम दिसतं का आणि काय फसलं तेही लिहिलंय का, एवढं बघा. असं लिहिणारा माणूस भेटला की त्याला धरून ठेवा, मग त्याचे फॉलोअर मूठभर का असेनात. तो कुणाकुणाला फॉलो करतो तेही चाळा. इंग्रजी वाचायला हरकत नसेल तर सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचा ‘एसएसचॅट’ हा जुना हॅशटॅग आहे, तिथून सुरुवात करता येईल. मला मात्र कामाच्या गोष्टी जास्त करून शिक्षकांच्या बाहेरच सापडल्या : जुने नकाशे जमवणारे, अभिलेखागारांत काम करणारे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर हौसेने रस्ते रेखाटणारे. या मंडळींना त्यांच्या विषयातलं कुणी विचारलं की ती भरभरून बोलतात.

आता विचारायचं कसं? ‘भूगोलासाठी चांगलं ॲप कोणतं?’ असं विचारलंत तर नावांची जंत्रीच येणार. त्यापेक्षा पाठ सांगा, इयत्ता सांगा, हाताशी यंत्रं किती ते सांगा, आणि मुलं नेमकी कुठे अडतात तेही सांगा. मी एकदा लिहिलं होतं : ‘मध्य आशियातला अरल समुद्र आटला हे मुलं पाठ करतात, पण त्याचा सिंचनाशी काय संबंध ते त्यांना दिसत नाही. तास एक, प्रोजेक्टर एक.’ एकाने गूगल अर्थचा टाइमलॅप्स, म्हणजे उपग्रहचित्रांतून वर्षागणिक बदल दाखवणारी चित्रफीत, सुचवला. छानच, पण तो १९८४पासून सुरू होतो. आणि अमू दर्या, सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे समुद्र १९६०च्या दशकातच आटायला लागला होता. म्हणजे मध्यंतरानंतर सिनेमाला शिरल्यासारखंच. मग एका ग्रंथपालबाईंनी सांगितलं, डेव्हिड रम्झी नकाशा संग्रहातला एखादा जुना नकाशा आधी दाखवा. हा संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो.

सगळ्यात मोलाची सूचना तिसरी होती : आटता आटता समुद्राचे उत्तर-दक्षिण तुकडे झाले, त्यातल्या उत्तरेच्या तुकड्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढू नका. टाइमलॅप्समध्ये दक्षिणेचं पाणी वर्षागणिक मागे हटत जातं. उत्तरेचं मात्र एका टप्प्यावर थांबतं, जरासं पसरतंही. वर्गातून कुणीतरी ‘इथलं का नाही आटत?’ असं विचारतंच. तिथे २००५मध्ये पूर्ण झालेलं कोक-अरल धरण आहे, सिर दर्याचं पाणी ते उत्तरेकडेच अडवून धरतं. नदी, शेती, धरण, सरकारांचे निर्णय, सगळं त्या एका प्रश्नाच्या मागोमाग येतं आणि तुम्हाला फळ्याकडे वळायलाही फुरसत मिळत नाही. यातलं साधन एकही नवीन नव्हतं. कुठलं आधी दाखवायचं आणि कुठे गप्प बसायचं, एवढंच त्या लोकांनी सांगितलं.

मिळालेली लिंक वर्गात न्यायच्या आधी तपासा, हे सांगायला नको. पण तपासायची कशी? स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि पेशाने तथ्य तपासणारे लोक संकेतस्थळं कशी पारखतात ते पाहिलं. तथ्य तपासणारे पटकन पान सोडून नवे टॅब उघडत आणि या संकेतस्थळामागे कोण आहे ते बाहेरून शोधत. पीएचडी झालेले इतिहासकार मात्र त्याच पानावर रेंगाळले आणि बरेचदा भारदस्त लोगोला भुलले. तथ्य तपासणाऱ्यांची ती सवय तुम्ही लावून घ्या, मग मुलांनाही लावा. सगळ्या ॲपपेक्षा ती जास्त टिकेल.

आणि हो, मुलांचं काम नेटवर टाकताना चेहरे, नावं काढून टाका. हे मी सगळ्यांनाच बजावते.

चॅटबॉटचं म्हणाल तर नेपोलियनच्या तोंडी तो काहीही घालतो, तेही इतक्या ठसक्यात की खरं आणि रचलेलं वेगळं करणं मुलांना जमत नाही. मुलाखत म्हणून तो वर्गात आणू नका. आणायचाच असेल तर त्याची उत्तरं छापून घ्या, नेपोलियनची खरी पत्रं शेजारी ठेवा (ती डिजिटल रूपातही मिळतात) आणि कुठलं वाक्य कशाच्या आधारावर आहे ते मुलांना शोधायला लावा. ज्याला आधार सापडत नाही, त्याच्यावर लाल पेन.