वाचकांचे प्रश्न : निरोप फिरत राहतो, बोर्ड रीस्टार्ट होतो

प्रश्न : आठ ईएसपी-३२ बोर्ड (वाय-फाय असलेले छोटे कंट्रोलर) राउटरशिवाय, ईएसपी-नाऊच्या (बोर्डांनी थेट एकमेकांना छोटे निरोप पाठवण्याची पद्धत) ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकाने पाठवलं की जवळच्या सगळ्यांनी ऐकायचं अशा रीतीने, जोडले आहेत. एकाचं बटण दाबलं की ती घटना हातोहाती सगळ्यांकडे जायला हवी. दोन बोर्डांवर सगळं ठीक चालतं. आठ लावले की एकच निरोप गोल फिरतो, मधला बोर्ड रीस्टार्ट होतो, टोकाच्याला काही मिळत नाही. निरोप पाठवल्याचं स्टेटस मात्र ‘यशस्वी’च येतं!

उत्तर : आधी रीस्टार्ट. निरोप आला की आपोआप चालणारं तुमचं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, वाय-फायचं काम करणाऱ्या टास्कमध्येच चालतं. तिथे डिले किंवा लांबलचक सिरियल प्रिंट घातलं तर वाय-फायचं काम तुंबतं आणि वॉचडॉग (अडकलेला बोर्ड रीस्टार्ट करणारा पहारेकरी टायमर) बोर्ड पाडू शकतो. कॉलबॅकमध्ये बाइट कॉपी करून रांगेत टाका आणि बाहेर पडा. नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) टाकू नका, कॉलबॅक संपल्यावर ती जागा तुमची नसते. रांग भरलेली असली तर थांबण्याची मुदत शून्य ठेवा. बाकी सगळं वेगळ्या टास्कमध्ये.

गोल फिरणं थांबवायला प्रत्येक निरोपात मूळ बोर्डाचा क्रमांक, अनुक्रमांक आणि उड्यांची मर्यादा (निरोप जास्तीत जास्त किती वेळा पाठवला जाईल) घाला. आठ बोर्ड एका ओळीत असले तरी ७ उड्या पुरतात. बोर्ड क्रमांक आणि अनुक्रमांक यांच्या शेवटच्या ३२ जोड्या लक्षात ठेवा, ओळखीची आली की पुढे पाठवू नका. बोर्ड रीस्टार्ट झाला की अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो आणि शेजारी नवा निरोप जुना समजून फेकतात. म्हणून सुरू होतानाच एक रँडम आकडा काढून तोही सोबत पाठवा आणि जोडीत धरा. ईएसपी-नाऊच्या पहिल्या आवृत्तीच्या २५० बाइटच्या मर्यादेतही हे सहज बसतं.

‘यशस्वी’वर विसंबू नका. ब्रॉडकास्टला पोच (मिळाल्याचं उत्तर) नसते. निरोप हवेत गेला एवढाच त्याचा अर्थ. ऐकणारे सगळे एकाच क्षणी पुढे पाठवायला गेले की निरोप एकमेकांवर आदळतात. त्यामुळे प्रत्येकाने १० ते ६० मिलिसेकंद रँडम थांबायचं, तेही टायमरने. तेवढ्यात तोच निरोप तीनदा ऐकू आला तर आपली पाळी सोडायची. अर्थात, फेकण्याआधी तो मोजायला हवा.

घटना चुकून चालणारच नसेल तर पोचही प्रोग्रॅमनेच मागवा. इथे बरेच जण फसतात : पोच आली नाही म्हणून तोच अनुक्रमांक पुन्हा पाठवला, तर शेजारी तो जुना म्हणून अडवतात. म्हणून कितव्यांदा पाठवतोय तो प्रयत्न क्रमांक निरोपात वेगळा ठेवा. पुढे पाठवायचं की नाही हे ठरवताना तो धरा, बटणाची घटना एकदाच चालवताना धरू नका.

आणि एखादा बोर्ड फोनच्या हॉटस्पॉटलाही जोडला असेल तर त्याचं वाय-फाय चॅनल (रेडिओची पट्टी) हॉटस्पॉटप्रमाणे बदलतं आणि बाकी सातांना तो दिसेनासा होतो. हे सगळ्यात आधी तपासा.