पासवर्ड आधी तिला परत द्या

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून ती हाताने शिवलेल्या वह्या ऑनलाइन विकते आणि जोडीला ब्लॉग लिहिते. वह्यांना मागणी आहे, एका वहीला तिला साधारण चार तास लागतात. ब्लॉग मात्र पाच महिने बंद पडलाय. सांगून सांगून थकले. शेवटी पासवर्ड माझ्याकडे होता म्हणून मीच जुन्या लेखांच्या तारखा बदलल्या, एआयकडून तीन नवे लेख लिहून घेतले आणि तिच्या नावाने टाकले. मागच्या आठवड्यात एका वाचकाचा मेल आला की लेखात चूक आहे. उगाच वाद नको म्हणून तो मेल मी काढून टाकला. तिला हे कळल्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. ग्राहकाने काही विचारलं तर दोन पानी उत्तर लिहीत संध्याकाळ घालवते, पण ब्लॉगवर चार ओळी लिहायला तिला वेळ नसतो. रोज एक लेख पडला तर महिन्याला शंभर वह्या जातील असा माझा हिशेब आहे. तिला शिस्त लागावी म्हणून डिजिटल मार्केटिंगचा कोणता कोर्स लावू? की डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेला बसवू? सोबत नवे-जुने लेख पाठवले आहेत.
– एक आई

उत्तर : ताई, कोर्सचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा हातात घेतलं. ‘तिच्या नावाने टाकले.’ तुम्ही हे ओघात लिहून पुढे गेलात. मला पुढे जाववत नाही.

तुमच्या मुलीकडून वही घेणाऱ्याला यंत्रावर बनलेली वही कुठेही आणि कमी पैशांत मिळते. तरी तो हिच्याकडे येतो, कारण ही वही कुणीतरी बसून शिवली आहे आणि ती कशी शिवली ते शिवणारीच सांगते आहे, यावर त्याचा विश्वास बसलेला असतो. हा विश्वास तिच्या नावावर जमा होतो. त्या नावाखाली तिने न लिहिलेलं, तिला न दाखवलेलं काही प्रसिद्ध करणं म्हणजे तिची सही दुसऱ्याने करण्यासारखं आहे. तुमचा हेतू वाईट नव्हता, तुमची काळजी पत्रभर दिसते. पण आईनेच आपलं नाव न विचारता वापरलं हे कळल्यावर १९ वर्षांच्या मुलीला हेतू दिसत नाही. आपलं काम कसं आहे यापेक्षा ते किती आहे हे घरात मोजलं जातंय, एवढंच तिला दिसतं. तिच्या न बोलण्यात मला उद्धटपणा दिसत नाही. तिला लागलंय, ताई.

आणि झालेली चूक किरकोळ नाही. तुम्ही पाठवलेले तिन्ही नवे लेख मी वाचले, मग तिचे जुने वाचले. नव्या लेखात म्हटलंय की कागद जितका जाड तितकी वही टिकाऊ, आणि घडी कुठल्याही बाजूने घातली तरी चालते. तिचा दीड वर्षापूर्वीचा लेख नेमकं याच्या उलट सांगतो, आणि बरोबर तीच आहे. यंत्रावर कागद बनताना त्यातले बहुतेक तंतू एका दिशेला पडतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती नीट बसते. आडवी घातली तर घडीची पाठ तडकते, आणि कागद जाड असेल तर जास्तच. तिने एकाच कागदाचे दोन तुकडे दोन दिशांनी दुमडून खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि जवळून फोटो काढलाय. एका घडीची कड आखल्यासारखी सरळ, दुसरीची दातेरी, मधूनच पांढरे तंतू बाहेर आलेले. दिशा ओळखायची कशी, तर कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून बघायचा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो त्या बाजूने घडी घालायची. हे तिने इतकं स्वच्छ लिहिलंय की मी माझ्या टेबलावरचा एक कागद घेऊन करून पाहिलं.

त्याच लेखात पुढे पुठ्ठ्याचं आहे. गोंदाने ओले झालेले तंतू रुंदीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. त्यामुळे पुठ्ठा, त्यावरचा कागद आणि आतली पानं या सगळ्यांची दिशा वहीच्या कण्याला समांतर ठेवली नाही, तर वाळताना कव्हर वाकडं होतं. सहा वह्या वाया गेल्यावर सातवीच्या वेळी हे तिच्या लक्षात आलं, असं तिने लिहिलंय. ताई, स्वतःच्या सहा फसलेल्या वह्यांचे फोटो जी मुलगी ग्राहकांसमोर ठेवते, तिच्या नावावर आता ‘घडी कशीही चालते’ हे वाक्य आहे. ज्या वाचकाने मेल केला त्याला वाद घालायचा नव्हता. त्याने तिचं लिखाण लक्षपूर्वक वाचलं होतं म्हणूनच विसंगती त्याला खटकली. असा वाचक शोधून सापडत नाही.

आता तुमचा एक समज, जो तुमच्यासारख्या पुष्कळ पालकांचा आणि दुकान चालवणाऱ्यांचाही असतो : ब्लॉग ताजा ठेवायचा म्हणजे रोज काहीतरी टाकायचं, आणि ते जमलं नाही तर निदान तारीख बदलायची. गूगलने साइट चालवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात स्वतःला विचारायचे काही प्रश्न दिले आहेत. मजकुरात खरा बदल न करता पान ताजं वाटावं म्हणून तुम्ही नुसती तारीख बदलता का, हा त्यातलाच एक. साइट ताजी दिसावी एवढ्यासाठी भाराभर नवं घातलं किंवा जुनं काढलं तर ती शोधात वर येते का, याचंही उत्तर तिथे सरळ ‘नाही’ असं आहे. पण गूगलचं सोडा. हस्तकलेचं लिखाण बातमीसारखं शिळं होत नसतं. कागदाच्या दिशेवरचा लेख दहा वर्षांनीही खराच राहणार. अशा लेखात शिळं होतं ते वेगळंच : जो गोंद ती आता वापरत नाही त्याचं नाव, संपलेल्या वहीकडे जाणारी लिंक, मोबाइलवर पुसट दिसणारा जुना फोटो, किंवा तिचं स्वतःचं बदललेलं मत. ताजेपणा आणायचा तो इथे. जुना लेख उघडायचा, आजचा आपला हात वेगळं काय करतो ते बघायचं, तेवढं दुरुस्त करायचं आणि वर लिहायचं की अमुक महिन्यात अमुक बदल केला. मग तारीख बदलली तर ती खरी असते. एका लेखाला अशी एखादी दुपार पुरते आणि अशा चार दुपारी वर्षाकाठी झाल्या तरी भरपूर झाल्या.

शंभर वह्यांच्या हिशेबावर फार बोलत नाही. तुम्हीच सांगितलेले चार तास धरले तर शंभर वह्यांचे ४०० तास होतात. तीस दिवसांच्या महिन्यात सगळे मिळून ७२० तास असतात. त्यात तिचं कॉलेज आहे, झोप आहे, वयाला साजेशी मैत्री आहे. दोन हातांना झेपणार नाहीत एवढे ग्राहक आणले तर एक तर वह्या उशिरा जातील, नाही तर कुणीतरी दुसरंच त्या शिवेल आणि नाव तिचं लागेल. म्हणजे आपण पुन्हा तिथेच आलो.

मग ब्लॉग हवाच कशाला, असं म्हणाल. हवा, पण कारण वेगळं आहे. दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारपेठेतलं दुकान भाड्याच्या जागेसारखं असतं. दावांडा ही हस्तकलेची मोठी जर्मन बाजारपेठ २०१८ मध्ये बंद झाली. जूनअखेर जाहीर झालं आणि ऑगस्टअखेर दारं मिटली. विक्रेत्यांना दोन महिन्यांत बिऱ्हाड हलवावं लागलं. एट्सी या अशाच अमेरिकी बाजारपेठेने एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचं शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी निषेध म्हणून आठवडाभर दुकानं बंद ठेवली. शुल्क वाढायचं ते वाढलंच. अशा वेळी स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर असलेलं लिखाण आणि स्वतःहून मेलचा पत्ता दिलेले वाचक, एवढंच माणसाबरोबर येतं. लहान व्हिडिओ ती करत असेल तर करू दे, पण ‘माझ्या वहीचं कव्हर वाकडं का झालं’ हे शोधत येणारा माणूस लिहिलेल्या पानावर थांबतो, आणि त्यातला एखादा पुढे वही मागवतो. या वाटेला वेळ लागतो.

तिला स्वतःला ब्लॉग पुन्हा सुरू करावासा वाटला, तर हे तिच्यासाठी. सगळे लेख एकदम उपसू नकोस. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात १६ महिन्यांपर्यंतची माहिती दिसते; लोक कुठले शब्द शोधून कुठल्या पानावर येतात ते बघ आणि त्यातली तीनच पानं निवड. पानाचा पत्ता बदलू नकोस. बदलावाच लागला किंवा एकाच विषयावरचे दोन लेख एकत्र केलेस, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण (रीडायरेक्ट) ठेव आणि ते निदान वर्षभर काढू नकोस. संपून गेलेल्या सवलतींच्या घोषणा खुशाल काढून टाक, त्या कुणाला नको असतात. आणि जी दोन पानी उत्तरं तू ग्राहकांना लिहितेस, त्यांच्यातून त्या माणसाचं नाव आणि खासगी तपशील काढलेस की तोच तुझा पुढचा लेख.

ताई, हे तुम्हीही वाचा. तिला लिहायला वेळ नाही हे खरं नाही. ती लिहितेच आहे, विचारणाऱ्याला. समोर खरा प्रश्न असला की ती संध्याकाळ देते आणि रोजचा रतीब घालायचा म्हटलं की तिचा हात थांबतो. मला यात बेशिस्त दिसत नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात तिच्याबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती त्या तक्रारीच्या वाक्यात आहे.

आता परीक्षांचं. डिझाइनची प्रवेशपरीक्षा द्यायला हरकत नाही, चित्राचा आणि निरीक्षणाचा सराव लागतो, तयारीची माहिती सहज मिळते. डिजिटल मार्केटिंगचे छोटे अभ्यासक्रम कधीही करता येतात, त्यासाठी वर्ष अडवू नका. पण शिस्त लावायला म्हणून कुठलाच कोर्स लावू नका. शिक्षा म्हणून लावलेला कोर्स मुलं तशीच भोगून काढतात.

मला तिच्या लिखाणात दोन वाटा दिसतात, ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. एक टेक्निकल रायटिंगची : एखादी वस्तू कशी चालते, कुठे बिघडते आणि कशी दुरुस्त करायची हे नेमक्या भाषेत लिहिणं. हा पूर्ण वेळेचा पेशा आहे आणि तिचा ब्लॉग म्हणजे त्याचा तयार नमुना आहे. दुसरी वाट ग्रंथ आणि कागद संवर्धनाची. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली असंख्य जुनी पुस्तकं चिखलात गेली. ती वाचवायला जे लोक गेले त्यांत पीटर वॉटर्स आणि क्रिस्टोफर क्लार्कसन हे इंग्रज बांधणीकार होते. कुठली बांधणी पाण्यात तगली आणि कुठली फुटली, हे क्लार्कसननी बारकाईने पाहिलं. मऊ चर्मपत्राची साधी बांधणी चांगली टिकलेली त्यांना दिसली, आणि त्यावर त्यांनी पुढे लिहिलं. वॉटर्स नंतर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ग्रंथदुरुस्तीच्या कामाचे प्रमुख झाले. फसलेल्या सहा वह्या शेजारी मांडून कारण शोधणारी मुलगी त्याच कुळातली आहे. या क्षेत्रात जागा थोड्या आणि शिक्षण लांबचं, हेही सांगते. अनेक अभ्यासक्रमांना रसायनशास्त्राची तयारी लागते. तिचे विषय कोणते ते तुम्ही लिहिलं नाहीत, गुणही लिहिले नाहीत, तिला स्वतःला काय हवंय तेही नाही. पुढचं पत्र तिने लिहावं. मी सविस्तर उत्तर देईन.

कदाचित तिला यातली कुठलीच वाट नको असेल. वह्या फक्त सुट्टीत शिवायच्या असतील, दुसरंच काही शिकायचं असेल. तसं असलं तरी दोन वर्षं वाया गेली असं तिला ऐकवू नका.

तुम्ही आज करायचं काम लहान आहे. पासवर्ड तिच्या हातात द्या आणि तो बदलायला तिलाच सांगा. ते तीन लेख ठेवायचे की काढायचे, वाचकांना त्याबद्दल काय सांगायचं, हे तिला ठरवू द्या. ‘मी सुचवते’ असंही म्हणू नका. जुन्या लेखांच्या मूळ तारखा तुमच्याकडे कुठे नोंदवलेल्या असतील तर तिला द्या. आणि तुम्ही काढून टाकलेला तो मेल शोधा. जीमेल असेल तर काढलेला मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, अजून असेल. तो तिच्याकडे पाठवा, त्या माणसाला उत्तर तिचंच जायला हवं.