डिसेंबरात बेळगावला येताय? ट्रायथलॉनची सायकल तिकडेच राहू द्या

जूनमध्ये ७०.३ मैलांची शर्यत (म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं) आणि डिसेंबरात चार आठवडे गावी, असं गणित परदेशातल्या बऱ्याच घरांत पडतं. मग सायकल आणायची का? आमचं मत, नको. तिकडे बर्फामुळे धावायची पंचाईत, इकडे पहाट गार आणि कोरडी. हे चार आठवडे धावण्याला द्या. सायकलचं परतल्यावर घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बघता येईल.

घोळ होतो तो पहिल्याच आठवड्यात. मोकळा वेळ मिळाला म्हणून धावणं दुप्पट करतात, दम टिकतो आणि नडगी धरते; कारण हाडं आणि कंडरा दमापेक्षा सावकाश तयार होतात. आठवड्यातून तीनदा धावत असाल तर आधी चौथी, मग पाचवी २५-३० मिनिटांची हलकी धाव जोडा. लांब पल्ला आहे तेवढाच ठेवा. चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड आहेच. आठवड्यातून एकदाच, चार-चार मिनिटांचे पाच चढ, तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येणार नाही इतक्या जोरात. खाली मात्र चालत या. उतारावर पळालात तर दुसऱ्या दिवशी घरातला जिना उतरायला आत्याचा हात धरावा लागेल.

पोहणं आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास पुरे. एवढंही सोडलं तर हाताची पाण्यावरची पकड लगेच सैल होते. गोवावेसच्या तलावावर जाणार असाल तर बॅचची वेळ आणि तलावाची लांबी आधी विचारा. घड्याळात लांबी चुकीची भरली की अंतर फसवं येतं. मामाच्या मळ्यातल्या विहिरीत अंतर कापता येत नाही, पण दर सहा-आठ हातांनी डोळे वर काढून काठावरचा नारळ हेरायचा सराव छान होतो. खुल्या पाण्यात दिशा धरायला हेच लागतं. काठावर पोहता येणारा माणूस आणि पाण्यात सोडलेला दोर असल्याशिवाय उतरू नका.

तरीही सायकल आणायचीच असेल, तर बॉक्समध्ये भरण्यासाठी ती सुटी करताना ध्यानात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. सीटच्या दांड्याला उंचीवर चिकटपट्टी लावा. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्या छोट्या पट्टीवर बसतो तिच्यावरून, सोडून कापडात गुंडाळा आणि चौकटीच्या आत बांधा, कारण बॉक्सला धक्का बसला की पहिल्यांदा हँगर वाकतो आणि मग गिअर घसरत राहतात. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालायला विसरू नका. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि चाक बसत नाही. प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब आणि पितळी अडॅप्टर खिशात हवाच, नाहीतर पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड बसत नाही.

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या रस्त्यांना पहाटे जाऊ नका. गळीत हंगाम जोरात असतो, ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, पुष्कळदा मागे दिवाही नसतो. (ट्रॅक्टरवरची गाणी लांबून ऐकू येतात, तेवढाच आधार.) रस्त्यावर पडलेल्या उसावरून बारीक टायर सरळ घसरतो. जांबोटीचा रस्ता धरा, तोही नीट उजाडल्यावर.

शर्यतीच्या सरावात खायची एनर्जी जेल संपली तर ७५० मिली पाण्यात ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. तासाला एक बाटली. गूळ घालणार असाल तर गाळून घ्या, बाटलीचं तोंड तुंबतं. पाणी उकळलेलंच घ्या. लांब धावेआधी दोन तास साधी आंबोळी बरी. “घे की अजून एक भाकरी” हा आग्रह रात्रीच्या जेवणाला मोडू नका, पण ठेचा आदल्या रात्री टाळा. कुंदा धावून आल्यावर. खव्याचं स्निग्ध पोटात घेऊन पळवत नाही.

परतल्यावर पहिले चार दिवस ट्रेनरवर ४०-४० मिनिटं हलकंच चालवा. झोप जागेवर आली की मगच जोराचे सेट धरा आणि धावण्याच्या पाचातल्या दोन फेऱ्या कमी करा.