वाचकांचे प्रश्न : रंगांना अर्थ कोण देते?

रंग आणि मानवी जीवन या विषयावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरे कमीजास्त लांबीची झाली आहेत, कारण प्रश्नांचा आवाकाही सारखा नाही.

प्रश्न : काही समाजांत पांढरे वस्त्र शोकाचे मानतात, तर काही ठिकाणी नववधू पांढरा पोशाख घालते. मग रंगाला स्वतःचा काही अर्थ असतो, की सारा केवळ संकेताचा भाग आहे?

उत्तर : संकेत आहेच, पण संकेतही कशाच्या तरी आधाराने रुजतो. रंगाचा अर्थ शोधायचा असेल, तर तो रंग कापडावर आला कसा आणि त्यासाठी किती पैसा व श्रम लागले, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. तसे पाहिले, तर आपण म्हणता तो पांढरा रंग एक नसून दोन आहेत. चीनमध्ये शोककाळात वापरले जाणारे पारंपरिक वस्त्र जाडेभरडे आणि न रंगवलेले असे. रंगाचा, पर्यायाने थाटाचा त्याग, हा त्याचा अर्थ कापडाकडे पाहताच कळत असे.

याउलट १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या विवाहात घातलेला पोशाख पांढऱ्या सॅटिनचा आणि हाताने विणलेल्या लेसचा होता. त्यापूर्वी युरोपातील वधू आपल्याकडील उत्तमातला उत्तम पोशाख घाली, मग तो कोणत्याही रंगाचा असो. कापड पांढरेशुभ्र करणे ही फार खर्चिक गोष्ट होती. क्लोरीनने कापडाचे विरंजन करता येते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तोले यांनी १७८५ च्या सुमारास दाखवून दिले. तोपर्यंत लिननचे तागे क्षाराच्या पाण्यात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे आणि गवतावर उन्हात पसरायचे, हा क्रम महिनोन्‌महिने चालत असे. क्लोरीन आल्यावरही शुभ्र वस्त्र लगेच मळते, ही अडचण उरलीच. त्यामुळे ते नेसून मिरवणे म्हणजे ते जपण्याची आणि पुन्हा पुन्हा धुऊन घेण्याची ऐपत मिरवणे होते. पावित्र्याचा अर्थ त्या पोशाखाला नंतर अधिकाधिक चिकटत गेला.

युरोपातील शोकाचा रंगही सर्वकाळ काळाच नव्हता. फ्रान्सच्या राजघराण्यातील स्त्रिया एके काळी शोकात पांढरे वस्त्र नेसत, आणि फ्रान्सची राणी झालेल्या स्कॉटलंडच्या मेरी स्टुअर्टचे १५६० च्या सुमाराचे चित्र तशाच वेशातले आहे.

प्रश्न : जांभळा रंग राजेरजवाड्यांचा का मानला गेला, आणि आज त्याला ते वलय का उरले नाही?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर भूमध्य समुद्राच्या तळाशी सापडते. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील टायर आणि सायडन या नगरांत म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींपासून हा रंग काढला जाई. गोगलगाईच्या शरीरातील एका लहानशा ग्रंथीत फिकट द्रव असतो. हवा आणि ऊन लागताच तो आधी पिवळा, मग हिरवा होत जातो आणि अखेरीस जांभळ्यावर येऊन थांबतो. रोमन लेखक प्लिनी याने नोंदवलेल्या पद्धतीनुसार या ग्रंथी तीन दिवस मिठात मुरवून नंतर कित्येक दिवस मंद आचेवर ठेवल्या जात, आणि या काळात कुजक्या माशांसारखी असह्य दुर्गंधी पसरे. ज्या रंगाने सम्राटाची प्रतिष्ठा वाढायची, तो रंग तयार करणाऱ्यांच्या जवळपास फिरकणेही लोकांना नकोसे वाटावे, यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

पाऊल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये या रंगाची रचना शोधून काढली. त्यासाठी त्याला १२,००० गोगलगायी लागल्या आणि हाती शुद्ध रंगद्रव्य आले ते केवळ १.४ ग्रॅम. या एका आकड्यावरून प्राचीन काळच्या किमतीची कल्पना यावी. सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०१ मध्ये काढलेल्या दरपत्रकात जांभळ्या रंगात रंगवलेल्या एका रोमन पौंड रेशमाची कमाल किंमत १,५०,००० दिनार ठरवलेली आढळते. केवळ महागाईमुळे वलय टिकत नाही, म्हणून कायदाही मदतीला आला, आणि या रंगाच्या उंची छटा सम्राटाशिवाय इतरांनी वापरू नयेत, अशी बंधने रोममध्ये वेळोवेळी घातली गेली. १४५३ मध्ये पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल पडली आणि हा उद्योग जवळजवळ संपला. पुढे १४६४ मध्ये पोप पॉल दुसरे यांनी कार्डिनल या वरिष्ठ धर्मगुरूंच्या झग्यांसाठी जांभळ्याऐवजी केर्मेस नावाच्या किड्यांपासून मिळणारा किरमिजी रंग मान्य केला. मान तोच राहिला, फक्त रंग बदलला.

उरलेले वलय एका अठरा वर्षांच्या मुलाने घालवले. विल्यम पर्किन हा लंडनचा विद्यार्थी १८५६ मध्ये डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनीन तर बनलेच नाही, पण तळाशी राहिलेला काळपट गाळ अल्कोहोलमध्ये विरघळवताच सुरेख जांभळा झाला आणि रेशमावर पक्का बसला. पर्किनने कारखाना काढला. दोन-तीन वर्षांतच ही छटा लंडन-पॅरिसच्या फॅशनमध्ये इतकी पसरली, की दुकानात काम करणारी मुलगीही हौसेने जांभळी रिबीन बांधू लागली. जी गोष्ट सर्वांना परवडते, तिच्यावर राजाचा शिक्का फार काळ राहत नाही. आज जांभळ्याला ‘शाही’ म्हणतात, ते केवळ जुन्या सवयीने.

प्रश्न : प्राचीन लोकांना निळा रंग दिसतच नव्हता, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. हा समज ज्या निरीक्षणातून निघाला, ते मात्र खरे आणि महत्त्वाचे आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ मध्ये प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यातील रंगांची छाननी केली, तेव्हा काळ्या-पांढऱ्याचे उल्लेख उदंड, आणि आकाश व समुद्राचे वर्णन इतके असूनही निळ्याचा मात्र जवळपास अभाव, असे त्यांना आढळले. त्यावरून काहींनी मानवाचा डोळाच त्या काळी अपुरा विकसित होता, असा तर्क केला. तो टिकणारा नव्हता, कारण होमरच्या हजार-दीड हजार वर्षे आधी इजिप्तमधील कारागीर वाळू, चुना, तांब्याचे खनिज आणि क्षार एकत्र भाजून निळे रंगद्रव्य बनवत होते. न दिसणारा रंग कोणी मुद्दाम भट्टीत बनवत नाही.

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या संशोधकांनी १९६९ मध्ये अनेक भाषांची तुलना करून दाखवले, की रंगांना नावे साधारण ठरावीक क्रमाने मिळतात. काळा व पांढरा आधी, मग लाल, त्यानंतर हिरवा आणि पिवळा, आणि निळा त्यांच्याही मागून. याचे मला सर्वांत पटणारे कारण असे, की आकाश निळे आहे, हे एकमेकांना सांगण्याची गरज कोणालाच नसते. रंगाचे नाव लागते ते दोन फळांतली किंवा दोन कापडांतली निवड करताना, आणि हाती घेता येईल अशा निळ्या वस्तू निसर्गात फार थोड्या. माणूस स्वतः निळे कापड रंगवू लागला, की नाव यायला फार वेळ लागत नाही.

निळ्याचा पुढचा इतिहास दोन टोकांचा आहे. एका टोकाला अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्द हा दगड. त्याची पूड मेण व राळेत मळून काढलेला अल्ट्रामरिन युरोपीय चित्रकार प्रामुख्याने येशूची माता मेरी हिच्या वस्त्रासाठी राखून ठेवत, आणि तो किती वापरायचा, हे कधीकधी करारातच लिहिले जाई. दुसऱ्या टोकाला निळीच्या झाडापासून मिळणारा रंग, जो कष्टकऱ्यांच्या अंगावरच्या कापडापर्यंत पोचला. निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढताना ते पिवळट-हिरवे असते. हवा लागताच कडांपासून हिरवा गडद होत जातो आणि काही मिनिटांत सारे कापड डोळ्यांदेखत निळे होते. प्रत्येक बुडीबरोबर ते अधिक गडद होते. या सुंदर दृश्यामागे सक्तीची शेती होती, ज्याविरुद्ध १८५९ मध्ये बंगालचे शेतकरी उठले. जर्मनीत १८९७ पासून कृत्रिम नीळ विकली जाऊ लागली आणि मळ्यांची ती व्यवस्था कोलमडू लागली. लाजवर्दाचेही तसेच झाले. फ्रान्समधील ६,००० फ्रँकचे बक्षीस १८२८ मध्ये जाँ-बातिस्त गिमे यांनी कृत्रिम अल्ट्रामरिन बनवून पटकावले, आणि एकेकाळी मेरीच्या वस्त्रावर रेखाटला जाणारा तोच निळा पुढे धुण्याच्या बादलीत पडू लागला.

प्रश्न : गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा, ही विभागणी किती जुनी आहे?

उत्तर : जेमतेम शंभर वर्षांची, आणि तीही प्रथम उलट सुलट चाललेली. अमेरिकेतील एका व्यापारी नियतकालिकाने १९१८ मध्ये, गुलाबी अधिक ठसठशीत म्हणून तो मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना शोभतो, असा सल्ला दिला होता. आजची विभागणी पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतर. त्याआधी तान्ह्या बाळांना बहुधा पांढरेच कपडे घालत, कारण ते उकळून धुता येत. आईबापांना दर मुलामागे नवे कपडे घ्यायला लावणारी ही विभागणी कोणाच्या फायद्याची होती, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : लाल रंग जगभर धोक्याचा मानतात. त्याची लहर सर्वांत कमी विखुरते आणि तो धुक्यातही लांबून दिसतो, म्हणून तो निवडला गेला का?

उत्तर : पाठ्यपुस्तकांतील हे कारण इतिहासाला धरून नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात, की त्यांच्याकडून सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात, आणि लाल काच तर दिव्याचा बराचसा प्रकाश अडवून धरते. लालचे स्थान फार जुने आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले, त्यांत गेरूची पूड, कोळसा आणि हाडांतील चरबी कालवलेली होती. रक्त, विस्तव आणि पिकलेले फळ लाल असतात, म्हणून डोळा तिकडे आधी वळतो. पण लक्ष वेधणे वेगळे आणि ‘थांबा’ असा आदेश देणे वेगळे. तो आदेश रेल्वेने दिला, आणि तिथेही सुरुवातीला ‘मार्ग मोकळा’ म्हणून पांढरा दिवा व ‘सावकाश’ म्हणून हिरवा दिवा होता. लाल काच फुटली की दिवा पांढरा दिसे आणि चालकाला मार्ग मोकळा वाटे. शिवाय रुळांलगतच्या साध्या दिव्यांशीही गफलत होई. म्हणून पांढरा सोडून हिरव्याला बढती मिळाली. लंडनमध्ये १८६८ साली रस्त्यावर उभारलेला लाल-हिरव्या गॅसदिव्यांचा खांब रेल्वेचीच नक्कल होती, आणि काही आठवड्यांतच गॅसच्या स्फोटामुळे तो बंद पडला. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारांमागे एक असतात, म्हणून आजच्या उभ्या सिग्नलमध्ये लाल दिवा नेहमी वर ठेवतात आणि हिरव्यात थोडी निळसर झाक मिसळतात.