मानाची चढाओढ आणि चढता प्राप्तिकर

प्रश्न : भावकीतल्या एका लग्नात हजार पाने उठली की पुढच्या लग्नात दीड हजार उठलीच पाहिजेत, शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली की आपणही कर्ज काढून घ्यायची, अशी चढाओढ आमच्याकडे वाढतच चालली आहे. श्रीमंतांवरील प्राप्तिकराचे दर चढवले तर तिला आळा बसेल, असे मी एका व्याख्यानात ऐकले. माझा भाचा सनदी लेखापाल आहे. त्याच्या मते अशाने देशाची वाढच खुंटेल. यातले खरे काय समजावे?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : समाजात मान कशाने मिळतो, हे आधी ठरवल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 मध्ये ज्या दिखाऊ खर्चाची चिकित्सा केली, त्यात मान मिळतो तो डोळ्यांत भरणाऱ्या खर्चामुळे. असा खर्च एकाने वाढवला की इतरांना वाढवावा लागतो, आणि सगळ्यांनी वाढवल्यावर प्रत्येकाची पायरी पूर्वीचीच राहते; मधल्या मध्ये मुलांच्या शिक्षणाची, विहिरीची, धंद्याच्या भांडवलाची शिल्लक मात्र संपलेली असते. येथे कराने सर्वांचाच हात थोडा आखडला, तर कोणाचीही पायरी न बदलता नासाडी कमी होते, म्हणून व्याख्यात्यांचे म्हणणे सयुक्तिक आहे. परंतु जेथे मान साठवलेल्या संपत्तीला, कारखान्याला, जमीनजुमल्याला मिळतो, तेथे हीच ईर्षा माणसाला बचत आणि गुंतवणूक करायला लावते. चढत्या दराचा, म्हणजे उत्पन्न वाढेल तसा दर वाढणारा कर गुंतवणुकीवरचा हाती पडणारा परतावा कमी करतो, त्यामुळे अशा समाजात वाढीचा वेग मंदावू शकतो. आपल्या भाच्याची भीती या ठिकाणी खरी ठरते.

अडचण अशी की उधळणारा आणि गुंतवणारा या दोन माणसांतला फरक प्राप्तिकराला दिसत नाही. वरच्या टप्प्यातल्या एक लाख रुपयांवर 30 टक्के कर (अधिभार व उपकर वगळून) भरल्यावर उरलेले सत्तर हजार कोणी मांडवावर उधळले काय किंवा यंत्रात गुंतवले काय, कर तेवढाच. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी 1956 मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले होते. उत्पन्नावरचा कमाल दर 45 टक्क्यांपर्यंत उतरवावा आणि सोबत संपत्ती व वैयक्तिक खर्च यांवर कर बसवावा, असा त्यांचा सल्ला होता. तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी 1957 मध्ये दोन्ही नवे कर आणले, पण प्राप्तिकराचा कमाल दर 45 टक्क्यांवर आणला गेला नाही. खर्चकर 1962 मध्ये रद्द झाला, 1964 मध्ये परत आला आणि 1966 मध्ये कायमचा गेला. बचत सोडून केवळ खर्चावर चढता दर लावण्याची कल्पना मला आजही सर्वांत न्याय्य वाटते. ती आपण पुरेशी राबवून पाहिलीच नाही, याची खंत वाटते. उलट प्राप्तिकराचा दर चढत चढत 1973-74 मध्ये अधिभारासह 97.75 टक्क्यांवर गेला, म्हणजे वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती उरत. अशा दराने प्रामाणिक माणसाचा उत्साह मारला जातो आणि अप्रामाणिक माणसाला उत्पन्न लपवण्याचे बळ मिळते. काळा पैसा उघडपणे गुंतवता येत नाही, त्यामुळे तो सोने, जमीन आणि समारंभ यांतच अधिक जिरतो, आणि ज्या चढाओढीला आवर घालायचा, तिलाच इंधन मिळते.

अर्थव्यवस्थेच्या स्थैर्याच्या बाबतीत मात्र चढत्या कराची बाजू अधिक भक्कम आहे. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 26 लाख करपात्र उत्पन्नावर उपकराआधी 3 लाख 60 हजार कर बसतो, तर 20 लाखांवर 2 लाख. मंदीत एखाद्याचे उत्पन्न 26 लाखांवरून 20 लाखांवर आले, तर उत्पन्न सुमारे 23 टक्क्यांनी घटते आणि कर 44 टक्क्यांनी. गेलेल्या सहा लाखांपैकी 1 लाख 60 हजारांचा भार कोणताही नवा निर्णय न घेता सरकार उचलते, आणि बाजारातील मागणी तितकी कोसळत नाही. तेजीत याच्या उलट घडते. सगळे गुंतवणार या अपेक्षेने जो तो गुंतवू लागतो, तेव्हा वाढत्या नफ्याचा वाढता हिस्सा करात जात असल्याने ती लाट बरीच ओसरते. अर्थात काही सैद्धांतिक मांडण्यांत गृहीतके बदलली की हाच कर अस्थिरता वाढवतानाही दिसतो, म्हणून याला अटळ नियम मानू नये. शिवाय मानासाठी हप्त्यांवर वस्तू घेतलेल्या कुटुंबाला उत्पन्न घटले तरी हप्ता चुकवता येत नाही, आणि त्याचा हा ताण प्राप्तिकराचे दर बदलून हलका होत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते सांगायचे, तर द्राक्षे, ऊस, हळद यांचे उत्पन्न शेती उत्पन्न म्हणून केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. त्या पैशातून होणाऱ्या लग्नांना दिल्लीतून दर कितीही चढवला तरी झळ लागणार नाही. तेथे 1873 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा साध्या, कमी खर्चाच्या लग्नाचा मार्ग अधिक उपयोगी आहे. कमी खर्चाचे लग्न एकट्या घराने केले तर त्याला कमीपणा येतो. साऱ्या भावकीने बसून पंगतीची मर्यादा ठरवली, तर कोणालाच येत नाही. आपण शिक्षक होता, गावात आपल्या शब्दाला वजन असेल. ही बैठक आपण बोलवावी, अशी माझी विनंती आहे.